बुटकीला हलवायला हवं

कापड हातात आलं की मी आधी ते उलटं करते. सुलट बाजू दाखवण्यासाठीच असते. तिच्यावर रंग नीट चढवलेला असतो, इस्त्री फिरवलेली असते. खरं काय ते उलट्या बाजूला कळतं. सूत कुठे तुटलंय, गाठ कुठे मारलीय, डाग कुठे घासून काढलाय. उभा जन्म शिवणकामात गेला, त्यामुळे ही खोड हाडीमाशी खिळली. लोक तिला संशयी स्वभाव म्हणतात. म्हणोत बापडे. हेच लोक सुलट बाजूला भुलून घेतलेल्या मालाला ठिगळ लावून घ्यायला माझ्याकडे यायचे.

तर त्या सकाळी लव्हेंडरच्या झुडपांपाशी मी वाकले, आणि बघते तर शेंडे कापलेले.

कीड लागली असती तर कड कुरतडलेली दिसली असती. हे काम कात्रीचं होतं, धारदार कात्रीचं आणि सवयीच्या हाताचं. फुलांच्या दांड्यांना धक्का लावला नव्हता. फक्त कोवळे, फूल न आलेले शेंडे गेले होते, बोटाएवढे, आणि तेही भिंतीकडच्या बाजूने. समोरून बघणाऱ्याला झुडूप गोल गरगरीत दिसत होतं. मी उलटी बाजू बघणारी, म्हणून मला दिसलं.

घरात माणसं तीन. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मी कापले नव्हते. भावाचं चष्म्याचं दुकान आहे, पण गवत आणि लव्हेंडर यांतला फरक दाखवायला त्यालाच वेगळा चष्मा लागेल. उरलं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

भावजय रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर आवळते, सुई टोचते आणि टोचताना गोड बोलते. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल." घरी तिचं बोलणं तसंच. मला वन्सं म्हणते, चहाचा पहिला कप माझ्या हातात देते, टीव्हीचा रिमोट माझ्या बाजूला सरकवते. मी या घरात आल्यापासून तिने एकदाही आवाज चढवलेला नाही. हे काही मला सरळ वाटत नव्हतं. इतकी वर्षं मी बायकांची मापं घेतली, न रागावणारी बाई मला अजून भेटायची होती.

मी इथे आले ती माझी इमारत पाडायला काढली म्हणून. पुढे दुकान, मागे मी, असं माझं सुटसुटीत चाललं होतं. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. बोटं आखडायला लागली होती, सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकालाच सांगायची वेळ आली होती, आणि त्यातच घर खाली करा म्हणून सांगणं आलं. भाऊ टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. "चल बुटके," म्हणाला, "पुरे झाली आता तुझी मशीनची खडखड. माझ्याकडे यायचं." शाळेत असताना तो माझ्या डोक्याच्या वर गेला तेव्हापासून मी त्याची बुटकी. त्याच्या शाळेच्या चड्ड्या मी शिवल्या, पहिल्या नोकरीचा शर्ट मी शिवला, लग्नाचा कोट मी शिवला. दुसऱ्या कुणी मला बुटकी म्हटलं असतं तर कात्री फेकून मारली असती. त्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटायचं. आजही तो दुकानात निघाला की दारात त्याची शर्टाची कॉलर मी सरळ करते. एक बाजू नेहमी आत दुमडलेली असते. आरशासमोर उभा राहून दुसऱ्यांचे चष्मे बसवणाऱ्याला स्वतःची कॉलर दिसत नाही.

माझ्याबरोबर मशीन आलं, एक ट्रंक आली आणि लव्हेंडरच्या कुंड्या आल्या. लव्हेंडर मी शोभेसाठी लावलं नव्हतं. वाळलेली फुलं कापडी पिशवीत शिवून गिऱ्हाइकांच्या भारी कपड्यांत ठेवली की कसर लागत नाही. पहिलं रोप देताना रोपवालीने बजावलं होतं, "ही बुटकी जात आहे हं, गुडघ्याच्या वर जायची नाही. उंच झाली नाही म्हणून खत घालत बसू नका." कुंड्या टेम्पोतून उतरवताना मी ते सांगितलं, तर भाऊ पोट धरून हसला. "बुटकीने बुटकी आणली!" त्या दिवसापासून त्याच्या तोंडी आम्हा दोघींना एकच नाव. "बुटकी, तुझी बुटकी काय म्हणतेय?" भावजय मात्र झुडपांना झुडपं म्हणते आणि मला वन्सं.

परसात जागा तिनेच दाखवली. "वन्सं, इथे लावा नळाजवळ. तुम्हाला बादली उचलायला नको."

ऐकायला किती छान. पण लव्हेंडरला पाण्याचं वावडं. त्याला रेताड, भुकेली माती लागते, दिवसभराचं ऊन लागतं, आणि माती पुरती कोरडी झाल्याशिवाय पाण्याचा थेंब चालत नाही. लाड केले की मरतं. अशा झाडाला नळाशेजारी जागा देणं म्हणजे मधुमेह झालेल्या माणसाला हलवायाच्या दुकानावर बसवणं. मला ते तेव्हाच कळत होतं. पण दुसऱ्याच्या घरात पहिल्याच दिवशी जागेवरून वाद कसा घालणार? भावाचं घर असलं तरी दुसऱ्याचंच. मी खड्ड्यात वाळू आणि बारीक खडी मिसळली, मातीचा उंचवटा करून त्यावर झुडपं बसवली, दोन झुडपांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवलं आणि गप्प बसले.

पहिला बहर चांगला आला. फुलं उतरल्यावर मी छाटणीही रीतसर केली. हिरव्या वाढीचा वरचा भाग घ्यायचा, गोल आकार द्यायचा, पण खालच्या जुन्या लाकडाला कात्री लावायची नाही. जुन्या लाकडातून लव्हेंडर पुन्हा फुटत नाही. तिथे कात्री चालवली की ती फांदी गेलीच म्हणायचं. माझ्याएवढं वय झाल्यावर कुणालाही नवी पालवी फुटणं कठीणच. त्यात झाडाला कशाला नावं ठेवा.

नंतर मात्र नळाच्या बाजूचं झुडूप बुडातून पिवळं पडलं. मग काळं. मी ते उपटलं तर मुळं हाताला बुळबुळीत लागली. पाठोपाठ शेजारचं पिवळं पडू लागलं. मी तर पाणी घालतच नव्हते. मग ही ओल कुठून? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते नुसतं मातीत मुरत नाही, असं मला वाटायला लागलं.

एकदा पाल चुकचुकली की माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. मी बघायला सुरुवात केली.

पहिलं म्हणजे, जिन्याखालच्या कोठडीला कुलूप आलं. आधी तिथे जुन्या चपला आणि रंगाचे रिकामे डबे असायचे, कुणी ढुंकून बघत नसे. आता किल्ली भावजयीच्या पर्समध्ये. दुसरं, माझ्या खिडकीसमोरची कपडे वाळवायची दोरी तिने काढली आणि पलीकडे बांधली. "तिकडे वारा जास्त," म्हणाली. तिसरं, घराच्या मागे, माझ्या खिडकीखाली, विटा येऊन पडल्या आणि त्यांच्यावर ताडपत्री चढली. विचारलं तर म्हणते, "असू देत, लागतात कधीतरी." विटा काय लोणी आहेत का, घरात असू द्यायला? आणि एकदा मी स्वयंपाकघरातून बघितलं, तर ती माझ्या खिडकीच्या बाहेर मोजपट्टी घेऊन उभी. भिंतीची लांबी मोजत होती. मला बघितल्यावर मोजपट्टी अशी झटकन गुंडाळली, की मापं घेण्यात हयात गेलेल्या बाईलाही लाजवावं.

माझी खोली मोजून झाली, हा अर्थ मी लावला. भाड्याने द्यायची असेल, नाहीतर लॅबमधल्या कुणाला ठेवायची असेल.

पुरावा हवा म्हणून मी शिंप्याचा खडू कुटला. निळी पूड झुडपांमागच्या फरशीवर पातळ पसरली. दुसऱ्या दिवशी भावजय कामावरून आली तेव्हा मी चपलांच्या मांडणीपाशी दोरा शोधायचं सोंग करून बसले. तिच्या सपातांचे तळवे निळे होते. चोर सापडला की आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही. शेंडे कापणं, झुडूप मारणं ही मुंगीच होती. सुई पुढे येणार होती.

ती आली रविवारी सकाळी.

भाऊ व्हरांड्यात फोनवर बोलत होता. मी आत मशीनला तेल घालत होते. खिडकी उघडी होती. तो आवाज खाली घेऊन बोलत होता, पण आमच्या घराण्यात कुणालाच कुजबुजता येत नाही.

"हो रे, बुटकीला हलवायलाच हवं आता. इथे नाही टिकायची ती."

माझ्या हातातली तेलाची कुपी कलंडली.

"बघून आलो ना मी जागा. ऊन भरपूर, मोकळी हवा... तिला? छे, तिला एवढ्यात सांगणार नाही. आकाशपाताळ एक करेल. घरात काय ते नीट ठरू दे, मग बघू."

तेल मशीनवरून माझ्या मांडीवर सांडत होतं आणि मी ते पुसतही नव्हते. घरात ठरू दे. म्हणजे घरात ठरवणारी दुसरीच कुणीतरी होती. बोलणारा माझा भाऊ होता, वदवणारी ती होती. किती सफाईने केलं तिने! आवाज न चढवता, चहाचा कप पुढे करता करता. माझ्या भोळ्या भावाच्या तोंडून माझंच नाव घेऊन मला हलवायचं ठरवलं. मला भयंकर राग आला, आणि त्याच्या खाली, खरं सांगायचं तर, भीती होती. या वयात मी जाणार कुठे? माझी इमारत तर आता मातीचा ढीग झाली होती.

त्या दिवशी मी कॉटखालची ट्रंक ओढून पुढे ठेवली. कुणी जा म्हणायच्या आधी आपण निघायचं, एवढं ठरवलं. कुठे ते ट्रंकेलाही माहीत नव्हतं.

पण निघायच्या आधी तिला एकदा रंगेहाथ पकडायचंच होतं. ते सोडलं असतं तर मी मी राहिले नसते.

तिच्या सुट्टीच्या दिवशी भाऊ दुकानात गेला. मी दारात त्याची कॉलर सरळ केली. त्याने नेहमीसारखी माझ्या डोक्यावर टपली मारली. "येतो बुटके." जेवणानंतर मी भावजयीला सांगितलं, "बोटं दाखवायला डॉक्टरकडे जाऊन येते. वेळ लागेल." तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते लपवायचाही तिने फारसा प्रयत्न केला नाही. "सावकाश या वन्सं," म्हणाली. "घाई करू नका."

मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, पिशवीत उगीच साबण घेतला, थोडी रेंगाळले आणि मागच्या फाटकाने परत आले.

भावजय परसात होती. पदर खोचलेला, हातात फावडं. जिन्याखालच्या कोठडीचं दार सताड उघडं. माझ्या झुडपांपैकी एक तिने मुळासकट उपटून माझ्याच जुन्या कॅनव्हासच्या तुकड्यावर ठेवलं होतं आणि दुसऱ्याच्या बुडाशी फावडं घालत होती.

"अजून थोडं खोल घाल," मी म्हटलं. "मुळं राहायला नकोत."

ती इतकी दचकली की फावडं पायावर पडता पडता वाचलं. "वन्सं! तुम्ही तर डॉक्टरकडे..."

"गेले असते तर बरं झालं असतं ना? मोकळेपणी उपटून टाकलं असतंस मला."

"तुम्हाला?"

मग मी तोंड सोडलं. नळाशेजारची जागा, कोठडीचं कुलूप, दोरी, विटा, मोजपट्टी, निळ्या सपाता, सगळं एका दमात बाहेर पडलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण शेवटी शेवटी आवाज फाटलाच. "तुला मी नको असेन तर तोंडावर सांग. ही झुडपं मारून कशाला सांगतेस?"

हाताची माती पदराला पुसत ती कोठडीत गेली आणि एक पाट उचलून बाहेर आली. पाटावर लहान लहान कुंड्या होत्या. प्रत्येक कुंडीत वाळू आणि वाळूत बोटाएवढा एक लव्हेंडरचा शेंडा, खालची पानं काढून खोचलेला, वर दोन इवली नवी पानं.

"हे चोरले होते मी," ती म्हणाली. "बोलणी खाईन त्यासाठी."

मी एका कुंडीतली वाळू बोटाने चाचपून बघितली.

"नळाखालचा पाइप फुटलाय वन्सं. आतून गळतोय. तुमचं पहिलं झुडूप गेलं तेव्हा मी माती उकरून बघितलं, खाली चिखल. मीच ही जागा दिली होती ना तुम्हाला! मला काय ठाऊक, या झाडाला पाणी नको असतं? मला वाटलं, नळ जवळ म्हणजे सोय. इतकं वाईट वाटलं की रोपवालीकडे गेले. ती म्हणाली, हलवा, पण वयाचं झाड हलवलं तर जगेलच असं नाही, आधी कलमं करून ठेवा. म्हणून शेंडे कापले. भिंतीकडचे, तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून." ती खाली बसली. "लक्षात येऊ नये! तुमच्या!"

"मग कुलूप कशाला?"

"तुम्ही कोठडीत डोकावला असतात तर सगळं कळलं असतं. आणि कळलं असतं तर म्हणाला असतात, माझी झुडपं अजून मेली नाहीत, हात लावायचा नाही कुणी. उपटताना तुम्हाला बघवलं नसतं. म्हटलं, मुळं फुटू देत, वाफा तयार होऊ दे, तुम्ही एकदा बाहेर गेलात की हलवून टाकू. आल्यावर खिडकी उघडली की समोर दिसतील."

"कुठल्या खिडकीतून?"

तिने मान वळवून माझ्या खिडकीकडे बघितलं. तिथली ताडपत्री काढलेली होती आणि तिच्याखाली विटांचा एक वाफा रचलेला होता, जमिनीपासून वर उचललेला, पाणी निथळायला खाली फटी ठेवलेल्या. वाळू आणि खडी कालवलेली माती त्यात भरलेली होती. कपड्यांची दोरी हटल्यामुळे त्या जागेवर लख्ख ऊन पडलं होतं.

माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मी तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसले आणि हसायला लागले. रडू आणि हसू एकत्र येतं तेव्हा बाई फार वेडी दिसते, पण मला पर्वा नव्हती. "अगं बये," मी म्हटलं, "तुला काय सांगू! मी ट्रंक भरायला काढली होती. तो रविवारी फोनवर म्हणत होता ना, बुटकीला हलवायला हवं, तिला एवढ्यात सांगणार नाही, आकाशपाताळ एक करेल. मला वाटलं बुटकी म्हणजे मी! ही बुटकी होय! आणि आकाशपाताळ एक करणारी मी!" माझं हसणं थांबेना. "खरंच केलं असतं की नाही?"

भावजय हसत नव्हती.

"फोनवर कोण म्हणत होतं?"

"हा तुझा नवरा. दुसरं कोण मला... म्हणजे हिला बुटकी म्हणतं?"

"वन्सं," ती म्हणाली, आणि रक्त काढताना बोलते तशी अगदी हळू बोलली, "ह्यांना यातलं काही माहीत नाही."

"कशातलं?"

"झुडपं हलवायचं. मी सांगितलंच नाही त्यांना. त्यांच्या पोटात काही राहत नाही, तुमच्यासमोर तर नाहीच, असं मला वाटायचं. विटाही मी लॅबमधल्या माणसाकडून आणवल्या."

नळाच्या पोटातून पाणी झिरपल्याचा बारीक आवाज येत होता. तो तिथे पहिल्यापासून असणार. मला पहिल्यांदा ऐकू आला.

"बघून आलो ना मी जागा," तो म्हणाला होता. खिडकीखालची जागा बघायला माणूस कुठे जाऊन येईल?

"मला त्यांनी काही विचारलेलं नाही," भावजय म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "खरंच नाही. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका."

"ठेवला," मी म्हटलं.

त्याच्या प्रत्येक शर्टाची उलटी बाजू मला पाठ होती. कुठे दुहेरी टीप आहे, कुठे वाढीसाठी कापड दुमडून ठेवलंय. त्याला स्वतःला मात्र मी एकदाही उलटून बघितलं नव्हतं. बायकोला बघत बसले. माझा माणूस तो, असं धरून चालले होते. आता मला तिचा राग नव्हता, त्याचाही अजून आला नव्हता. नुसतं गार वाटत होतं, पाणी मातीत शिरावं तसं.

भावजय उठली. "चला," म्हणाली, "उपटलेलं झाड असं उघड्यावर ठेवायचं नसतं. ऊन आहे तोवर लावून टाकू."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. झुडपाच्या बुडाची माती सुटू नये म्हणून कॅनव्हासची चार टोकं धरून ते अलगद उचलायचं. ती एका बाजूला, मी एका बाजूला. ती उंच, मी बुटकी, त्यामुळे झुडूप सारखं माझ्याकडे घसरायचं. "जरा वाक की," मी म्हटलं, आणि ती वाकून चालू लागली. कुजलेली मुळं मी कात्रीने साफ कापली, चांगली तेवढी ठेवली. बूड मातीच्या किंचित वर राहील असं बसवलं, म्हणजे ओल धरत नाही. नळाकडचं पिवळं झुडूप हलवण्यात अर्थ नव्हता. ते मी बाजूला टाकलं. त्याच्या जागेसाठी कलमं होती.

शेवटचं झुडूप लावत होतो तेव्हा फाटक वाजलं. भाऊ लवकर आला होता.

"अरे वा! दोघी मातीत?" तो हसत जवळ आला. "आज काय विशेष?"

भावजयीने माझ्याकडे बघितलं. हे तिने माझ्यावर सोडलं होतं.

मी गुडघ्यांवर बसूनच मान वर केली. दोन्ही हात झुडपाच्या बुडाशी होते.

"बुटकीला हलवतोय," मी म्हटलं.

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे वळला.

"तिला कुणी सांगितलं?"

मग त्याची नजर खाली गेली. विटा, वाफा, ओळीने लावलेली झुडपं त्याला दिसली, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. चेहरा असा उतरला की लहानपणीचा तो दिसला, बरणी फोडल्यावरचा.

"काय सांगितलं, अहो?" भावजयीने विचारलं. तिचा आवाज आजही चढला नाही. "मला तरी सांगा. मलाही कुणी सांगितलेलं नाही."

"ताई," तो म्हणाला. मला ताई तो काही फोडलं तरच म्हणतो. "ताई, ऐक तर. तिथे तुझ्या वयाची माणसं आहेत. डॉक्टर तिथल्या तिथे. ऊन चांगलं आहे. तुझ्याच भल्यासाठी... तुम्हा दोघींचं पटत नाही असं मला वाटत होतं. तू सारखी हिच्यावर नजर ठेवून असतेस, ही चोरून काहीतरी करत असते. घरात सारखा कसला तरी ताण. मी रोज दोघींच्या मध्ये..."

ते खोटं नव्हतं. माझी नजर होतीच, आणि तिची चोरीही होती. फक्त त्याने दोन्हींची सुलट बाजू बघितली आणि तेवढ्यावर मापं घेतली.

"ऊन इथेही आहे," भावजय म्हणाली. तिने पायाने माती सारखी केली. "आणि झाड एकदा हलवलं की मुळं धरेपर्यंत पुन्हा हलवत नाहीत. मरतं."

तो तिथेच उभा राहिला. हातातली पिशवी कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं. मग तो माझ्यापाशी खाली वाकला, मला उठवायला हात पुढे केला. त्याचा गळा माझ्या डोळ्यांसमोर आला. कॉलरची एक बाजू आत दुमडली होती. सकाळी मी सरळ केली होती, दिवसभरात पुन्हा गेली.

माझा हात उचलला गेला. मग मी तो परत खाली नेला आणि माती दाबत राहिले.